मान वर करण्याची सवय

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईकरांच्या मोबाइलवर एक बातमी जोरात फिरत होती. एक लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने येणार आहे, तो २२ डिसेंबर २०३२ रोजी आदळू शकतो आणि ज्या पट्ट्यात तो पडण्याची शक्यता आहे त्यात मुंबईचेही नाव आहे, असा तिचा मजकूर होता. गंमत अशी की ही बातमी खोटी नव्हती. '२०२४ वायआर४' नावाचा हा लघुग्रह चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीने २७ डिसेंबर २०२४ रोजी टिपला होता. त्याचा आकार ४० ते ९० मीटरच्या दरम्यान असावा असा अंदाज होता. संभाव्य पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. जानेवारीअखेर धडकेची शक्यता एक टक्क्याच्या पुढे गेली. १८ फेब्रुवारीला 'नासा'ने ती ३.१ टक्के असल्याचे सांगितले. आकडा वाढत होता तसतसा मथळ्यांचा आकारही वाढत होता.

त्यानंतर जेमतेम आठवडाभरात हा आकडा घसरून जवळपास शून्यावर आला. मुंबई वाचली होती, पण हे कळवणारा संदेश कुणी कुणाला पाठवला नाही. घाबरवणारी बातमी ज्या उत्साहाने पुढे गेली, त्याच्या शतांश उत्साहही दिलासा देणाऱ्या बातमीच्या वाट्याला आला नाही.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी होती. गच्चीवर दुर्बीण लावणारे, अमावास्येच्या आसपास गावाबाहेर रात्र काढणारे जे हौशी आकाशनिरीक्षक आहेत, ते बऱ्यापैकी निवांत होते. लघुग्रहाविषयी त्यांना कमी कुतूहल होते असे नाही. उलट रोज नवे आकडे तेच सर्वांत आधी पाहत होते. पण आकडा वाढतोय म्हणजे संकट वाढतेय, असा अर्थ त्यांनी काढला नाही. २००४ च्या डिसेंबरात 'अपोफिस' या लघुग्रहाच्या बाबतीत हेच घडले होते. त्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली आणि मग उतरली. कक्षा कशी मोजतात हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या दृष्टीने हा आकडा आधी वाढणे आणि मग कोसळणे हा हिशेबाचाच भाग होता.

हा हिशेब समजायला अवघड नाही. समजा, शंभर फ्लॅटच्या एका सोसायटीत कुठे तरी पाण्याची गळती आहे, पण कोणत्या फ्लॅटमध्ये ते ठाऊक नाही. प्रत्येक घराच्या वाट्याला एक टक्का शक्यता येते. प्लंबर एकेक घर तपासू लागतो. सत्तर घरे तपासून झाली, तिथे काही सापडले नाही, आणि आपले घर अजून तपासायचे आहे. आता आपण उरलेल्या तीस घरांपैकी एक आहोत, म्हणजे आपली शक्यता तीन टक्क्यांच्या वर गेली. गळती तेवढीच आहे. वाढली आहे ती माहिती. पुढच्याच घरात गळती सापडते आणि आपली शक्यता एकदम शून्य होते. लघुग्रहाचेही असेच असते. सुरुवातीला त्याची थोड्याच दिवसांची निरीक्षणे हाती असतात, म्हणून काही वर्षांनंतर तो कुठे असेल याचा पट्टा खूप रुंद निघतो. निरीक्षणे वाढली की पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर तिचा वाटा वाढत जातो आणि ती पट्ट्याबाहेर पडली की प्रश्न मिटतो.

हे एवढे समजलेला माणूस अशा बातमीने घाबरत नाही. खेदाची बाब ही की अवकाशाच्या बातम्या वाचणाऱ्यांची संख्या आज पूर्वी कधी नव्हती एवढी आहे आणि प्रत्यक्ष आकाश पाहणाऱ्यांची संख्या त्या मानाने नगण्य आहे. बातमीचा शौक वाईट मुळीच नाही. मात्र त्याला पाहण्याची जोड नसेल, तर तो वाचकाला एका आठवड्यात भीती, दुसऱ्यात अभिमान आणि तिसऱ्यात चमत्कार असे झोके देत राहतो. पायाखाली घट्ट जमीन हवी असेल तर मान वर करण्याची सवय लावून घ्यायला हवी.

बातमीत गळलेले अर्धे वाक्य

दर ऑगस्टमध्ये न चुकता येणारा एक संदेश अनेकांनी पाहिला असेल. '२७ ऑगस्टच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र असतील, पुन्हा अशी संधी आयुष्यात नाही.' याचे मूळ २००३ सालातले आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या खूप जवळ, सुमारे पाच कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. तेव्हाच्या मूळ मजकुरात म्हटले होते की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा भासेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बिणीचा उल्लेख गळून गेला आणि चंद्र तेवढा उरला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ हा संदेश फिरतो आहे. ज्याने एकदा तरी मंगळ ओळखून पाहिला आहे, एक तांबूस, न लुकलुकणारा ठिपका, त्याला हे पटण्याचे कारणच नाही. न पाहिलेल्याला मात्र ते दरवर्षी नव्याने पटते.

भीती आणि चमत्काराचे झाले. अभिमानाच्या बातमीतही पाहण्याची उणीव जाणवते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. शाळांत, कार्यालयांत, बसस्टँडवर लोक पडद्याला खिळून होते. तो आनंद खरा होता आणि त्यात काहीही गैर नव्हते. त्या संध्याकाळी जवळपास अर्धा चंद्र दक्षिणेच्या आकाशात होता. ढगांनी जिथे वाट दिली, तिथे खिडकीतून तो दिसलाही असता. तो अर्धा का आहे, असा प्रश्न कुणाला पडला असता तर मोहिमेची तारीख तीच का, याचेही उत्तर त्याला मिळाले असते. विक्रम आणि प्रज्ञान सौरऊर्जेवर चालणार होते, म्हणून उतरण्याच्या जागी दिवस नुकताच सुरू झालेला असणे आवश्यक होते. चंद्रावरचा एक दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा. वाढत्या चंद्राची उजळत जाणारी कडा म्हणजे तिथली पहाट. शास्त्रज्ञांचे वेळापत्रक आकाशात असे उघड लिहिलेले होते, पण बहुतेकांनी ते पडद्यावरच शोधले.

काक्षी मंदावला तेव्हा

आकाश पाहणे हा निव्वळ विरंगुळा आहे, विज्ञानाचे खरे काम मोठ्या दुर्बिणी आणि उपग्रह करतात, असा एक समज आहे. २०१९ च्या अखेरीस या समजाला चांगला धक्का बसला.

मृग नक्षत्र मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. हिवाळ्यात रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे चार ताऱ्यांचा चौकोन दिसतो. मधोमध एका रेषेतले तीन तारे असतात. त्यांना खेड्यापाड्यांत तिकांडे म्हणतात. या चौकोनातला तांबूस तारा म्हणजे काक्षी. ऑक्टोबर २०१९ पासून हा काक्षी मंद होऊ लागला. डिसेंबरात खगोलशास्त्रज्ञांनी त्याची अधिकृत नोंद जाहीर केली, तेव्हा ती नोंद करणाऱ्या तिघांत एक हौशी निरीक्षकही होता. फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षीचा दृश्य प्रकाश नेहमीच्या जवळपास एक तृतीयांश एवढाच उरला. तो फुटणार, सुपरनोव्हा होणार, रात्रीचा दिवस होणार, अशा बातम्या जगभर झळकल्या.

त्याच वेळी अनेक देशांतले हौशी निरीक्षक रोज रात्री एक साधी गोष्ट करत होते. शेजारच्या रोहिणीशी आणि इतर ठरावीक ताऱ्यांशी काक्षीची तुलना करून त्याची तेजस्विता वहीत लिहीत होते. यासाठी दुर्बीणसुद्धा लागत नाही. रूपविकारी ताऱ्यांच्या अशा नोंदी जमा करणारी 'एएव्हीएसओ' ही अमेरिकेत सुरू झालेली संस्था १९११ पासून हे काम करते आहे. तिच्याकडच्या जुन्या नोंदींमुळे काक्षी आधीही कमी-जास्त होत आला आहे, पण या वेळची घसरण वेगळी आहे, हे नेमके सांगता आले. फेब्रुवारीनंतर काक्षी पुन्हा उजळला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या पदार्थाची धूळ होऊन ती आपल्या दृष्टीच्या रेषेत आडवी आल्याने तो मंद दिसला, असे मोठ्या दुर्बिणींच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून पुढे स्पष्ट झाले. मोठ्या दुर्बिणीने कारण शोधले. पण कुठल्या रात्री काय घडले याची सलग साखळी वहीवाल्यांनी जपली होती. अब्जावधी रुपयांची दुर्बीण एका ताऱ्याकडे रोज पाहू शकत नाही, आणि हा तारा तर इतका तेजस्वी की अनेक मोठ्या उपकरणांचे डोळेच त्याने दिपतात.

आणखी एक तारा सध्या असाच संयमाची परीक्षा घेतो आहे. उत्तर मुकुट या तारकासमूहातला 'टी कोरोनी बोरिॲलिस' हा एरवी नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा साधारण ऐंशी वर्षांनी एकदम उजळतो आणि ध्रुवताऱ्याएवढा ठळक होतो. १८६६ आणि १९४६ मध्ये तो असा भडकला होता. २०२४ मध्ये तो पुन्हा उजळेल असा अंदाज वर्तवला गेला आणि 'आज रात्री नवा तारा' अशा बातम्या आल्या. २०२४ सरले, तारा उजळला नाही. बातमीचा उत्साह ओसरला. निरीक्षकांनी मात्र त्याच्याकडे पाहणे सोडलेले नाही. कारण न उजळलेल्या रात्रीची नोंददेखील नोंदच असते.

खजिन्यातला कारकून आणि उसनी दुर्बीण

अशा चिकाटीचे भारतीय उपखंडातले सर्वांत लख्ख उदाहरण म्हणजे राधागोविंद चंद्र. जन्म १८७८ चा, आताच्या बांगलादेशातल्या जेसोरजवळचा. प्रवेश परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात छोट्या पगाराच्या नोकरीला लागले. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला. त्याच्या दर्शनाने या गृहस्थांना असे वेड लावले की त्यांनी इंग्लंडहून तीन इंचांची एक दुर्बीण मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा एकाएकी उजळला. तो पाहणाऱ्या जगातल्या पहिल्या काही लोकांत जेसोरचा हा कर्मचारी होता. नेहमीचे आकाश पाठ असल्याशिवाय त्यात एक तारा जास्त आहे हे कळत नाही, आणि चंद्र यांना ते पाठ होते.

त्यांचे टिपण हार्वर्ड वेधशाळेपर्यंत पोहोचले आणि ते 'एएव्हीएसओ'शी जोडले गेले. त्यांच्या नोंदी इतक्या भरवशाच्या ठरल्या की १९२६ मध्ये या संस्थेने त्यांना सहा इंचांची दुर्बीण वापरायला पाठवली. दिवसा नोकरी आणि रात्री निरीक्षण असा क्रम सांभाळत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळात ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. फाळणीनंतर त्यांना घर सोडून पश्चिम बंगालमध्ये यावे लागले, तरी निरीक्षण चालू राहिले. वय झाले तेव्हा ती उसनी दुर्बीण त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही. संस्थेच्या सांगण्यावरून ती भारतातल्याच एका तरुण खगोलशास्त्रज्ञाकडे गेली. त्याचे नाव वेणू बाप्पू. कावलूर येथील वेधशाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ही गोष्ट जुन्या काळची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियात गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून एक धूमकेतू शोधला. दुसऱ्या ताऱ्याच्या प्रदेशातून आपल्या सूर्यमालेत आलेला माणसाला ठाऊक झालेला तो पहिलाच धूमकेतू ठरला. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक नवा काळा डाग दिसला. काही तरी गुरूवर आदळले होते. त्याने कळवल्यावर मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. उपकरणे बदलली, पण 'काल हे असे नव्हते' असे म्हणू शकणाऱ्या माणसाची गरज संपलेली नाही.

गच्चीवर काय अडते?

महाराष्ट्राला या छंदाची परंपरा नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या पुढच्या फेरीच्या वेळी, १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत खगोल मंडळासारखे गट उभे राहिले. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. जयंत नारळीकरांच्या लेखनाने दोन-तीन पिढ्यांना आकाशाकडे वळवले. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मिळून झालेली जगातली एक महत्त्वाची रेडिओ दुर्बीण उभी आहे. एवढे सगळे असताना सामान्य घरातून आकाश हद्दपार का झाले?

पहिले कारण सवयीचे. 'मृग लागला' हे शब्द शेतकऱ्याच्या घरात दरवर्षी उच्चारले जातात. पण जूनमधला तो मृग आणि डिसेंबरच्या रात्री दिसणारे तिकांड्याचे मृग एकच आहे, हे शहरातल्या कितीजणांना सांगता येईल? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा ते दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य विरुद्ध बाजूला गेला की तेच नक्षत्र रात्रभर आकाशात राहते. भाषेत जपलेले हे ज्ञान डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, कारण ते दाखवणारे कुणी उरलेले नाही. आजीला नक्षत्र ठाऊक होते. नातवाकडे ॲप आहे. ॲपही उत्तम साधन आहे, फक्त ते वर धरून पाहायला हवे.

दुसरे कारण उजेडाचे, आणि ते अधिक गंभीर आहे. याचा ठोस पुरावाही हौशी लोकांनीच दिला. आपल्या गावातून कोणते तारे दिसतात हे साध्या नकाशाशी ताडून कळवण्याच्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात २०११ ते २०२२ या काळात ५१ हजारांहून अधिक नोंदी जमा झाल्या. त्यातल्या बहुतांश युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार या ठिकाणी रात्रीच्या आकाशाचा उजाळा दरवर्षी सरासरी सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढला. याचा अर्थ असा की ज्या ठिकाणी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे शंभरच उरतील. उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ इतकी दिसली नव्हती, कारण एलईडी दिव्यांचा निळसर प्रकाश त्या उपग्रहांना नीट टिपता येत नाही. साध्या डोळ्यांनी तो टिपला.

हा प्रश्न ताऱ्यांपुरता नाही. रात्रीचा निळसर, तीव्र उजेड शरीरातल्या मेलॅटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाची निर्मिती दाबतो आणि झोपेचे घड्याळ पुढे ढकलतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. खिडकीतून थेट पलंगावर पडणारा पथदिवा काक्षीलाही पुसतो आणि झोपही मोडतो. पक्षी आणि कीटकांच्या वाट्याला येणारा त्रास वेगळाच.

उपाय आहेत, आणि महागही नाहीत

यावर एक आक्षेप हमखास येतो. रस्ते अंधारे ठेवायचे का? महिलांच्या सुरक्षिततेचे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. दिवा बंद करायला कुणी सांगत नाही. तो खाली वळवायला हवा. वरून झाकलेला, जमिनीवरच प्रकाश टाकणारा आणि पिवळसर छटेचा दिवा रस्ता चांगला उजळतो, कारण त्याचा उजेड आकाशात वाया जात नाही आणि चालणाऱ्याच्या डोळ्यांवरही येत नाही. डोळे दिपले की दिव्यापलीकडच्या सावलीत कोण उभे आहे ते दिसत नाही. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था केली गेली. जंगलाशेजारच्या गावांना जमले ते महापालिकांना जमू नये असे त्यात काही नाही. पुढची दिव्यांची निविदा काढताना वरून झाकलेल्या दिव्याची अट घालणे एवढे तरी ताबडतोब करता येईल.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशांचा असतो. दुर्बीण महाग, सुट्टी नाही, शहर सोडवत नाही. प्रत्यक्षात सुरुवातीला दुर्बीण घेऊच नये. आकाश ओळखीचे नसताना घेतलेली दुर्बीण दोन महिन्यांत माळ्यावर जाते. आधी डोळे, मग साधा बायनॉक्युलर आणि त्यानंतरच दुर्बीण, हा क्रम अनुभवी निरीक्षक सांगतात. अंधारात डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका कटाक्षाने ती मेहनत वाया जाते, हे पहिल्याच रात्री शिकता येते. दिवाळीपासून होळीपर्यंतचे कोरडे महिने महाराष्ट्रात यासाठी उत्तम. तिकांड्याची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. एवढ्या एका रेषेवर हिवाळ्यातले निम्मे आकाश ओळखीचे होते. शहराच्या मध्यातूनही काक्षी, रोहिणी, व्याध आणि ग्रह दिसतातच. तारीख, वेळ, जागा आणि 'आज काक्षी रोहिणीपेक्षा किती उजळ' एवढी एक ओळ वहीत लिहायला पाच मिनिटे पुरतात.

या कामी शाळांची मदत सर्वांत मोठी होईल. आठवीच्या मुलांना ताऱ्यांचा धडा फळ्यावर शिकवला जातो. तो शिकवून झाल्यावर वर्षातून एक रात्र शाळेच्या मैदानावर काढली तर त्या धड्याला अर्थ येईल. बहुतेक जिल्ह्यांत मदत करायला तयार असलेले खगोलप्रेमी सापडतात. त्यांना बोलावणारेच कमी आहेत. निवासी सोसायट्यांनाही हे सहज जमेल. कोजागरीला मसाला दुधासाठी सगळे गच्चीवर जमतातच. त्या रात्री पूर्ण चंद्राच्या उजेडात तारे फारसे दिसत नाहीत. तीच मंडळी, तेच दूध आणि दिवाळीनंतरची एखादी अमावास्या, गच्चीवरचे दिवे तासभर मालवून. खर्च कोजागरीएवढाच.

यात वृत्तपत्रे आणि वाहिन्यांचीही जबाबदारी आहे. लघुग्रहाची शक्यता वाढल्याची बातमी जेवढ्या जागेत छापली, तेवढ्याच जागेत ती मावळल्याचीही छापावी. शक्यतेचा आकडा देताना तो कशामुळे बदलतो याच्या दोन ओळी द्याव्यात. आणि दर आठवड्याला, या आठवड्यात संध्याकाळी कोणत्या दिशेला कोणता ग्रह दिसेल, हे कोपऱ्यातल्या चौकटीत सांगावे. पावसाच्या अंदाजाएवढी जागा त्याला नक्कीच मिळू शकते.

या सगळ्याची कसोटी फार दूर नाही. १३ एप्रिल २०२९ रोजी, भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलच्या पहाटे, तोच जुना 'अपोफिस' पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. म्हणजे आपले दूरसंचार उपग्रह ज्या उंचीवर असतात त्याच्याही आतून. तीनशे मीटरहून मोठा असलेला हा लघुग्रह पूर्व गोलार्धातल्या अनेक ठिकाणांहून नुसत्या डोळ्यांना सरकत्या ठिपक्यासारखा दिसेल. तो आदळणार नाही. पुढची किमान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही, हे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही त्या आठवड्यात कोणते संदेश फिरतील हे आजच लिहून ठेवता येईल. तेरा तारीख, तीही शुक्रवारी. अफवेला आणखी काय हवे?

तोवर मृगाचे काही हिवाळे हाताशी आहेत. तेवढ्या काळात आठवीतला मुलगा कॉलेजात जाईल आणि एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर दोन-तीन अमावास्या होऊन जातील. मग एप्रिलच्या त्या रात्री घरात कुणी घाबरून मोबाइल दाखवला, तर त्याला गच्चीवर नेऊन कुठे पाहायचे ते सांगणारे घरातच कुणी तरी असेल.